मतदार आणि ओळखीचा कागद

क्वीन्सलँड राज्यात ३१ जानेवारी २०१५ रोजी विधानसभेची निवडणूक झाली. तो दिवस शनिवार होता. ऑस्ट्रेलियात सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान शनिवारीच होते, आणि आमच्या घरी शब्बाथ पाळला जातो, म्हणून आम्ही आधीच्या आठवड्यातच मतदान उरकून घेतो. त्या वेळी सासूबाई ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. मी ड्यूटीवर आणि हे कामावर, म्हणून शेजारणीच्या गाडीतून त्या एकट्याच मतदानाला गेल्या. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा त्या गप्प गप्प होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अगं, माझं मत इतरांबरोबर पेटीत नाही टाकलं. लिफाफ्यात घातलं आणि वर माझी सही घेतली. मी काय दुसऱ्या कोणाचं मत चोरायला गेले होते?"

झाले होते ते असे. आदल्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, क्वीन्सलँडने नवा कायदा केला होता. मत द्यायला येणाऱ्या प्रत्येकाने ओळखीचा एखादा कागद दाखवावा, आणि तो नसेल तर प्रतिज्ञापत्रावर सही करून मत वेगळ्या लिफाफ्यात द्यावे, अशी त्यात तरतूद होती. यादी तशी सैल होती. गाडीचा परवाना, पासपोर्ट, मेडिकेअरचे कार्ड, विजेचे बिल, निवडणूक आयोगाकडून घरी आलेले पत्र, यांपैकी काहीही चालत असे. पण सासूबाईंनी जन्मात गाडी चालवली नव्हती. पासपोर्ट कपाटात कुलूपबंद. बिले मुलाच्या नावावर. मेडिकेअरचे कार्ड हरवू नये म्हणून माझ्या पर्समध्ये. आणि आयोगाचे ते पत्र मीच जाहिरातींच्या कागदांबरोबर टाकून दिले होते.

मी त्यांची समजूत घालू लागले, "आई, भारतात आता सगळेच कार्ड दाखवतात. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?" त्यावर त्या म्हणाल्या, "तिथे कार्डाचा फोटो काढायला सरकारची माणसं गल्लीतल्या शाळेत येऊन बसली होती, असं तुझ्याच बहिणीनं लिहिलं होतं. इथे कोण आलं?"

त्या वेळी मी हसण्यावारी नेले. आता निवृत्तीनंतर सवड मिळाल्यावर या देशातल्या मतदानाचा इतिहास वाचला आणि सासूबाईंचा तो प्रश्न पुन्हा आठवला. मताला ओळखपत्राची अट घालणे हा वंशभेद आहे की केवळ नीटनेटकेपणा, यावर अमेरिकेत व इंग्लंडात बरीच वर्षे वाद चालू आहे. इथेही तो झाला. आपल्या समाजातले पुष्कळजण माझ्यासारखेच म्हणतील की कागद दाखवायला काय हरकत आहे. त्यांच्यासाठी हा लेख.

पहिल्या काळात कायदा आडपडदा न ठेवता बोलत असे. क्वीन्सलँडच्या १८८५ सालच्या निवडणूक कायद्यात लिहिले होते की ऑस्ट्रेलिया, हिंदुस्थान, चीन व दक्षिण समुद्रातील बेटे येथील मूळ रहिवाशाचे नाव स्वतःच्या मालकीची जमीन असल्याशिवाय मतदार यादीत घालू नये. हिंदुस्थानचे नाव त्यात स्पष्ट आहे. पुढे १९०५ साली जमिनीची ही सवलतही काढून टाकण्यात आली. दरम्यान १९०१ साली सहा वसाहती मिळून एक राष्ट्र झाले आणि १९०२ साली मध्यवर्ती मताधिकाराचा कायदा आला. जगात तो नावाजला गेला, कारण त्याने स्त्रियांना मत दिले. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिका आणि न्यूझीलंड वगळून पॅसिफिक बेटे येथील मूळ रहिवाशांना यादीबाहेर ठेवले. ज्याला राज्याच्या निवडणुकीत मत होते त्याच्यासाठी राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाची तेवढी पळवाट होती, आणि सरकारी अधिकारी तीही होईल तितकी अरुंद करून वाचत. अलिबाग-पेणकडचा आपला एखादा बेने इस्राएल गृहस्थ त्या काळी इथे स्थायिक झाला असता, तर तोही याच सदरात पडला असता.

या कलमाचा काच किती होता हे जिरो मुरामात्सु या जपानी मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या दाव्यावरून दिसते. त्याने १८९९ सालीच व्हिक्टोरिया वसाहतीत रीतसर ब्रिटिश प्रजाजनत्व घेतले होते. तरीही १९२३ साली इथल्या हायकोर्टाने निकाल दिला की तो 'आशियाचा मूळ रहिवासी' आहे, म्हणून त्याचे नाव मध्यवर्ती यादीत येऊ शकत नाही. म्हणजे कागद हातात होता, पण तो उपयोगी पडला नाही.

आपल्या भारतीयांचे दार त्याच सुमारास उघडले. नामदार श्रीनिवास शास्त्री १९२२ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आले होते. साम्राज्यात हिंदी माणूस समान प्रजाजन असेल तर त्याला इथे मत का नाही, हा प्रश्न त्यांनी ठिकठिकाणी मांडला. पुढे १९२४ साली मेलबर्नमध्ये राहणारे मित्ता बुल्लोश हे हिंदी गृहस्थ यादीत नाव यावे म्हणून कोर्टात गेले. मॅजिस्ट्रेटने ४१ व्या कलमाच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारने आधी हायकोर्टात अपील केले आणि मग ते मागे घेऊन १९२५ साली कायदाच बदलला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना मत मिळाले.

वाचकहो, इथे आनंद वाटतो, पण मला थोडे थांबावेसे वाटते. बुल्लोश यांच्या निकालामागचा न्याय इथल्या मूळ रहिवाशांनाही तितकाच लागू पडला असता. पण सरकारने कायदा बदलला तो केवळ हिंदी लोकांपुरता. आपल्या पाठीशी साम्राज्याची अब्रू आणि शास्त्रींसारखा वकील होता. ज्यांची ही भूमी त्यांच्या पाठीशी कोणी नव्हते. दार आपल्यापुरते उघडले आणि आपल्यामागे पुन्हा लोटले गेले.

आता कागदाकडे वळू. या देशात गोऱ्या माणसाला क्वचितच ओळखीचा कागद बाळगावा लागला. काळ्या माणसाला मात्र तो लागे. गावोगाव फिरून कापड आणि किरकोळ माल विकणारे हिंदी फेरीवाले मायदेशी जाऊन परत येऊ म्हणत, तेव्हा त्यांना श्रुतलेखनाच्या परीक्षेतून सूट मिळाल्याचा दाखला काढावा लागे. ही परीक्षा १९०१ च्या कायद्याने आणली. कोणत्याही युरोपीय भाषेतले पन्नास शब्द लिहून घेत, आणि नको असलेल्या माणसाला न येणारी भाषा मुद्दाम निवडत. सुटीच्या दाखल्यावर समोरून व बाजूने काढलेले फोटो आणि पंजाचा ठसा असे. कायद्यात 'काळा' हा शब्द नव्हता. पन्नास शब्द पुरेसे होते. ती परीक्षा १९५८ साली रद्द झाली.

मूळ रहिवाशांचे कागद याहून कडू. न्यू साउथ वेल्समध्ये १९४३ च्या दुरुस्तीने त्यांना 'सूट प्रमाणपत्र' मिळू लागले. ते जवळ असले तर त्या माणसाला संरक्षण कायद्याचे नियम लागू नसत. लोक त्याला कुत्र्याचा परवाना म्हणत, यावरून काय ते समजावे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने १९४४ साली 'नागरिकत्वाचे प्रमाणपत्र' काढले. ते मिळवण्यासाठी दोन वर्षे आपल्या जमातीशी संबंध तोडल्याचे मॅजिस्ट्रेटला पटवून द्यावे लागे. अर्जदाराला महारोग, उपदंश असे रोग नसावेत, अशीही अट होती. मी आयुष्यभर नर्स होते. रोग्याची तपासणी त्याला बरे करण्यासाठी असते एवढेच आम्हाला शिकवले होते. नागरिक ठरवण्यासाठी रोग तपासायचा, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. हे प्रमाणपत्र काढूनही घेता येत असे. तो कायदा १९७१ पर्यंत टिकला.

मताच्या बाबतीत १९४९ साली लष्करात नोकरी केलेल्या किंवा आपल्या राज्यात मताचा हक्क असलेल्या मूळ रहिवाशांना मध्यवर्ती मत मिळाले. सर्वांना ते १९६२ साली मिळाले. क्वीन्सलँडने सर्वांत शेवटी, १९६५ साली कायदा केला. पुष्कळांची समजूत आहे की १९६७ च्या सार्वमताने त्यांना मत दिले. ते बरोबर नाही. त्या सार्वमतात सुमारे ९१ टक्के लोकांनी होकार दिला, पण तो जनगणनेत त्यांना मोजण्याविषयी आणि मध्यवर्ती सरकारला त्यांच्यासाठी कायदे करता येण्याविषयी होता. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इतर ऑस्ट्रेलियनांना यादीत नाव घालणे १९११ पासून आणि मत देणे १९२४ पासून सक्तीचे होते. मूळ रहिवाशांना ही सक्ती १९८४ पर्यंत नव्हती. ऐकताना सवलत वाटते. प्रत्यक्षात ज्याला दोन पिढ्या दाराबाहेर उभे केले, त्याला 'वाटल्यास ये' एवढेच सांगितले गेले.

मी १९८६ साली नवऱ्याबरोबर इथे आले. पुढे काही वर्षे उत्तर क्वीन्सलँडमधल्या एका इस्पितळात काम केले. तिथे एक वृद्ध मूळ रहिवासी बाई माझ्या वॉर्डात होत्या. सर्वजण त्यांना मानाने 'आंटी' म्हणत. त्यांच्या केसपेपरवर जन्मतारीख १ जुलै होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईचीही १ जुलै. मी विचारले तेव्हा आंटी हसल्या. म्हणाल्या, "सिस्टर, मिशनच्या साहेबाला आमच्या तारखा ठाऊक नव्हत्या. त्याने सगळ्यांना एकच दिली. माझी आई सांगे, मोठा पूर आला त्या वर्षी मी झाले." त्यांच्या धाकट्या भावाच्या जन्माची तर कुठेच नोंद नव्हती. त्यामुळे त्याला परवाना मिळेना. परवाना नाही म्हणून दुसरा कागद नाही, आणि दुसरा कागद नाही म्हणून जन्माचा दाखला नाही.

मलाही हसू आले, कारण सासूबाईंची तारीख १ जून आहे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून टाकत. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेले लोक किती सापडतील! आणि नावांचे काय? सिनेगॉगमध्ये एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. भावाने आडनाव गावावरून लावलेले, बहिणीने बापाचे नावच आडनाव केलेले. इथल्या एका कचेरीत माझे लग्नाआधीचे व नंतरचे कागद एकाच बाईचे आहेत हे सिद्ध करण्यात माझे चार महिने गेले. पण मला इंग्रजी येत होते, पगार होता, आणि कचेरी बसच्या रस्त्यावर होती. आंटींच्या भावाची वस्ती कचेरीपासून शेकडो मैल दूर. पावसाळ्यात रस्ताच बंद.

म्हणून मला वाटते की आजच्या कायद्याकडे पाहताना 'यात कोणाच्या वंशाचे नाव आहे का' एवढे विचारून भागत नाही. १८८५ च्या कायद्यात नाव होते. श्रुतलेखनाच्या कायद्यात ते नव्हते, तरी दोघांनी एकच काम केले. ऑस्ट्रेलियाचा १९७५ चा वंशभेदविरोधी कायदाही केवळ हेतू पाहत नाही, परिणामही पाहतो.

आपल्या समाजाला हे कोणी शिकवण्याची गरज नाही. माझ्या आत्याचे कुटुंब १९५०च्या दशकात इस्राएलला गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीने लग्न नोंदवणाऱ्यांना सूचना दिल्या की बेने इस्राएल वधूवरांच्या आई-आजीची कुळी कित्येक पिढ्या मागे तपासावी. इतर यहुद्यांना असे विचारत नसत. ज्यांच्या पूर्वजांनी कोकणात घाणे चालवत शनिवारचा विसावा सोडला नाही, ज्यांना शेजारी 'शनवार तेली' म्हणून ओळखत, त्यांनी आजीच्या आजीचा पुरावा आणायचा कुठून? आपले लोक यरुशलेमात निदर्शनाला बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने खास बैठक घेऊन बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले. त्यानंतर सूचनेतून आपले नाव गेले आणि 'ज्यांच्याविषयी शंका असेल ते' अशा अर्थाचे शब्द आले. आत्या म्हणे, "नाव गेलं ते बरं झालं. पण शंका कोणाची येणार, हे आम्हाला ठाऊक होतं."

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकांगी होईल. यादी शुद्ध असावी आणि एकाचे मत दुसऱ्याने देऊ नये, ही अपेक्षा रास्त आहे. भारतात १९९३ पासून मतदारांना छायाचित्राची कार्डे देण्यास सुरुवात झाली. कार्ड नसले तर आयोगाने ठरवलेले दुसरे कागद चालतात. त्या आधीच्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असे सांगितले होते. पुढच्या निवडणुकांत त्यांची नावे मिळवण्याचे कष्ट यंत्रणेने घेतले. तरी तिथेही सारे मिटले आहे असे नाही. २०२५ साली बिहारमध्ये याद्यांची फेरतपासणी झाली तेव्हा कोणते कागद चालावेत हा वाद सुप्रीम कोर्टात गेला, आणि कोर्टाने आधार कार्डही धरावे असे सांगितले. अमेरिकेत २०१६ साली नॉर्थ कॅरोलायनाचा ओळखपत्राचा कायदा अपील कोर्टाने रद्द केला, कारण तो काळ्या मतदारांना नेमका टिपण्यासाठी केल्याचे त्यांना आढळले. इंडियाना राज्याचा तशाच विषयावरचा कायदा मात्र २००८ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायम ठेवला होता. कँटोनी आणि पोन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ ते २०१८ या काळातील अमेरिकन मतदानाचा अभ्यास करून २०२१ साली दाखवले की कडक ओळखपत्रांमुळे कोणत्याही वंशाच्या मतदानात ठळक घट दिसत नाही. त्याच अभ्यासात असेही आढळले की या कायद्यांनी फसवणूक कमी झाल्याचेही दिसत नाही. दोन्ही बाजूंनी हे मनात ठेवावे.

मग क्वीन्सलँडचे काय झाले? सरकारच्याच २०१३ च्या चर्चापत्रात अशा फसवणुकीचा खास पुरावा नसल्याचे म्हटले होते. २०१५ च्या निवडणुकीत सुमारे सोळा हजार मतदारांना सासूबाईंसारखे कागदाअभावी लिफाफ्यातून मत द्यावे लागले. जे 'नकोच ते' म्हणून घरी बसले त्यांची मोजदाद कोण करणार? नव्या सरकारने त्याच वर्षी कायदा रद्द केला. मध्यवर्ती सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये तसेच विधेयक संसदेत आणले. दुबार मतदानाचे प्रमाण अगदीच नगण्य आहे, असे निवडणूक आयुक्त टॉम रॉजर्स यांनी सांगितलेले होते. डिसेंबरात ते विधेयक बारगळले. आजही मध्यवर्ती मतदानाला गेल्यावर तीनच प्रश्न विचारतात. पूर्ण नाव काय, राहता कुठे, आणि या निवडणुकीत आधी मत दिले आहे का?

दुसरीकडे एक चांगली गोष्ट घडली. निवडणूक आयोगाने इतर खात्यांच्या नोंदींवरून आपण होऊन नाव घालण्याची पद्धत दूरच्या वस्त्यांपर्यंत नेली. २०२२ च्या अखेरीस मूळ रहिवाशांपैकी सुमारे ८४ टक्के लोक यादीत होते, ते २०२३ च्या जूनअखेर ९४ टक्के झाले. सरकार लोकांकडे गेले की काय होते, ते यावरून दिसते.

माझे मत विचाराल तर ओळखपत्र मागणे हा मुळात वंशभेद नव्हे. पण जो कागद सरकारने स्वतः एका समाजाला कधी दिलाच नाही, ज्यांचे जन्म लिहून ठेवण्याची तसदी घेतली नाही, त्यांच्याकडे तोच कागद मागून मत अडवणे हा भेदच आहे, मग कायद्याची भाषा कितीही गुळगुळीत असो. आधी कागद घरपोच द्यावा, मग तो मागावा.

समान नियम सर्वांवर समान पडत नाही हे आपल्याला दर निवडणुकीत कळते. मतदान शनिवारी. नियम सर्वांना एकच, पण शब्बाथ पाळणाऱ्याला तो आड येतो. म्हणून या देशाच्या कायद्याने धर्माच्या कारणासाठी आधी मत देण्याची सोय ठेवली आहे, आणि आपण ती कोणाचे उपकार न मानता, हक्क म्हणून वापरतो. आपल्यासाठी जी समज दाखवली गेली, ती आंटींच्या भावासाठी मागायला आपण मागे राहू नये. १९२५ साली दार आपल्यापुरतेच उघडले होते. त्या वेळी कोणी मागे वळून पाहिले की नाही, कोण जाणे. आपण तरी पाहावे.

सासूबाई २०१७ च्या निवडणुकीत पुन्हा मत द्यायला गेल्या. या वेळी मी बरोबर होते. कोणी कागद मागितला नाही. त्यांनी नाव सांगितले, पत्ता सांगितला, आधी मत दिलेले नाही असे सांगितले आणि मतपत्रिका स्वतःच्या हाताने पेटीत टाकली. गाडीत बसताना म्हणाल्या, "आज बरं वाटलं." तरीही त्यांची पर्स मी उघडून पाहिली. पासपोर्ट, मेडिकेअरचे कार्ड, विजेचे बिल आणि लग्नाचा केतुबासुद्धा त्यांनी बरोबर आणला होता.